दारातला काटा

४ मार्च

ती. ताईस,
बारक्याचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याला कारण आहे, आणि ते कारण सध्या आमच्या हॉटेलच्या दारात उभं आहे. पांढरा, माझ्या छातीएवढा उंच वजनकाटा. मागे उंची मोजायची पट्टी आणि वर आकडा दाखवणारी काचेची पाटी. आकडे इतके मोठे की रस्त्यापलीकडच्या चष्मेवाल्याला चष्मा काढूनही वाचता येतात. तो म्हणाला की हे असंच चाललं तर त्याचा धंदा बसेल.

कायद्याचं तू वाचलं असशीलच. एक एप्रिलपासून बसून जेवायची सोय असलेल्या प्रत्येक ठिकाणी आधी गिऱ्हाइकाचं वजन-उंची बघायची, तक्त्यात आकडा शोधायचा, आणि मर्यादेच्या वर गेला तर बसू द्यायचं नाही. बांधून न्यायला हरकत नाही. ज्यांना परत पाठवलं त्यांची वहीत नोंद करायची, सही घ्यायची, आणि दोन महिन्यांनी निरीक्षक ती वही तपासणार. लोकांच्या तब्येतीसाठी आहे म्हणतात. असेलही. मला एवढंच कळतं की ऐकलं नाही तर परवाना जाईल, आणि ह्या चुलीवर माझ्यासकट अकरा घरं चालतात.

दाराशी आमच्या वाढपी मामांना उभं करायचं ठरलं होतं. पण मामा म्हणाले की वीस वर्षं गिऱ्हाइकाला या, बसा म्हणत आलोय, आता ह्या वयात उलटं बोलायला जीभ वळणार नाही. मग एक निवृत्त पोस्टमन ठेवले. माणूस मऊ बोलणारा आहे, अक्षरही सुबक आहे.

९ मेला हॉटेलला वीस वर्षं पुरी होतील. दरवर्षीसारखी ये. ही पण तेच म्हणते. बाकी तू आलीस की बघू.

लोभ आहेच, तो पत्राच्या उशिरावरून मोजू नये.

तुझा
बारक्या

*

११ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या काट्याचा रंग, उंची, काचेची पाटी, सगळं बैजवार लिहिलंस आणि शेवटी मला मात्र "तू आलीस की बघू" एवढ्यात गुंडाळलंस. लहानपणी आईची फुलदाणी फोडलीस तेव्हाही तुकडे पाठीमागे धरून तिच्या रंगाचं कौतुक करत उभा होतास.

इकडे दोनशे परिचारिकांच्या गणवेशांचं काम आलंय. सकाळी आठपासून मापं घेते. फीत लावते, वहीत लिहिते, वही मिटते. पस्तीस वर्षांत कुणा बाईचा आकडा मी मोठ्याने बोलले नाही, आणि कपडे सगळ्यांना व्यवस्थित बसले.

माझी शनिवारची मैत्रीण, ग्रंथपालबाई, तुला आठवते ना, छत्रीएवढ्या वजनाची? एक तारखेनंतरच्या पहिल्या शनिवारी आम्ही नेहमीच्या उपाहारगृहात गेलो. मी काट्यावर उभी राहिले. मालक बिचारा माझ्याकडे न बघता तक्त्याकडेच बघत राहिला, जणू तिथून काही वेगळं उत्तर निघेल. बाई म्हणाल्या की हिला बसता येत नसेल तर मलाही नको. मग कागदी पेल्यांत सूप घेऊन आम्ही बसथांब्यावरच्या बाकावर बसलो. वाऱ्याने बाईंची टोपी उडाली, ती पकडायला मी धावले, आणि माझं सूप एका कुत्र्याच्या वाट्याला गेलं. पोट दुखेपर्यंत हसलो. घरी आल्यावर मात्र बूट न काढता बराच वेळ नुसती बसून होते. ते असो.

९ तारखेला येते. तुमच्या सगळ्यांसाठी नवे एप्रन शिवतेय. वहिनीला सांग, तिचा खिसा ह्या वेळी खरंच खोल ठेवलाय.

जीव लावून असतोसच, तसाच राहा.

तुझी
ताई

*

२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुत्र्याचं वाचून ही खूप हसली, आणि मग पत्र हातात धरून रडली. मी तेव्हा कांदे चिरत होतो, त्यामुळे माझं काही धरू नये.

महिना झाला. दाराशी काय चालतं ते मी बघत नाही. जेवणाच्या वेळेला भटारखान्यातून बाहेर पाऊलच टाकत नाही. परवा दोन भाऊ आले होते म्हणे. थोरल्याला बसता आलं, धाकट्याला नाही. धाकटा म्हणाला की तू जेव, मी गाडीत थांबतो. थोरल्याने अर्धं ताट टाकून दिलं. मामा हे सांगत होते आणि मी गॅस मोठा करून पातेलं ढवळत राहिलो.

तर ९ मेचं मी असं ठरवलंय. तू समोरच्या दाराने येऊ नकोस. मागच्या गल्लीत भटारखान्याला लागून जिना आहे, तो थेट आमच्या वरच्या खोलीत निघतो. घरात जेवायला कायद्याची आडकाठी नाही. मी ताटं वर घेऊन येतो, आपण तिघं निवांत बसू. लिंबाचं पुडिंग तुझ्यासाठी वेगळं करतो. तुला कुणी दारात काही बोलू नये, एवढाच माझा हेतू. गल्लीत कचऱ्याचे डबे असतात, ते त्या दिवशी हलवून ठेवायला सांगितलंय.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा
बारक्या

*

१२ मे

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

९ तारखेला येता आलं नाही. गुडघा सुजला होता. तुम्ही दोघं वाट बघत राहिला असाल, त्याचं वाईट वाटतं. एप्रन पार्सलने पाठवले आहेत. मामांचा वेगळ्या रंगाचा आहे. वीस वर्षांबद्दल अभिनंदन.

इकडे सर्व ठीक. वहिनीला नमस्कार.

ताई

*

४ जून

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

काल निरीक्षक वही तपासायला आले. त्यांच्यासमोर ठेवायची म्हणून मी ती पहिल्यांदाच उघडली. पानं उलटत ९ मेपर्यंत आलो. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. स्त्री, वय अठ्ठावन्न. नावाच्या रकान्यात रेघ. पुढे वजन. बांधून नेण्यास नकार. आणि सहीच्या रकान्यात तुझी सही.

तुझी सही कुणाला वाचता येत नाही, पण माझ्या प्रगतिपुस्तकांवर ती आठ वर्षं होती. शाळेत पोरं आईबापांच्या सह्या आणायची आणि मी तुझी. आता ती माझ्याच हॉटेलच्या वहीत, परत पाठवलेल्यांच्या यादीत आहे. निरीक्षकांनी खाली शिक्का मारला, नोंदी नीट ठेवल्याबद्दल शाबासकी दिली आणि गेले.

मी पोस्टमनकाकांना विचारलं. त्यांना तू लख्ख आठवलीस. म्हणाले की बाई एक मोठी पिशवी घेऊन आल्या, स्वतःहून काट्यावर उभ्या राहिल्या, आकडा स्वतःच वाचला आणि मला सांगितला, म्हणजे मला बोलावं लागू नये. बांधून देऊ का विचारलं तर नको म्हणाल्या. मालकांची तब्येत बरी असते का, असं विचारलं. मग काचेतून आत बघत मिनिट-दोन मिनिटं थांबल्या आणि निघाल्या. तू कोण हे त्यांना सांगितलं नाहीस. एक शब्द बोलली असतीस तर त्यांनी मला हाक मारली असती. मी वीस पावलांवर होतो. पुडिंग साच्यातून काढत होतो आणि हिला म्हणत होतो की ताईची गाडी आज उशिरा दिसते.

कालपासून माझ्या हाताला चव नाही. मामांनी सूप परत आणून दिलं, त्यात मीठच नव्हतं.

मला एक बोलायचंय, ते मी कधी बोललो नाही. आई गेली तेव्हा मी जेवेना. तू माझ्यासमोर एक घास खाऊन दाखवायचीस, मग मी एक घ्यायचो. तुझं जेवण आधी झालेलं असायचं, तरीही. असं दोन वर्षं चाललं. मला कधीकधी वाटतं, तुझ्या अंगावरचं अर्धं वजन माझं आहे. आणि मी तुला कचऱ्याच्या डब्यांजवळून ये म्हणालो.

काय करू ते तू सांग. रागावलीस तरी लिही.

तुझा
बारक्या

*

१० जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आधी मीठ घालायला लाग. गिऱ्हाइकांनी तुझं काही बिघडवलेलं नाही.

गुडघ्याचं खोटं लिहिलं, चुकलं. गुडघा ठणठणीत आहे. गाडीत बसले तेव्हा मागच्या जिन्यानेच यायचं ठरवलं होतं. स्टेशनावर उतरले, गल्लीच्या तोंडाशी आले, आणि पाय आत वळेनात. वीस वर्षं मी त्या हॉटेलात समोरून आलेय. तू पहिल्या दिवशी दाराला रंग देत होतास तेव्हा शिडी मी धरली होती. मला वाटलं, बघू तर खरं, माझ्या भावाच्या दारात काय होतं ते. आता कळलं. नाव मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुला तिथल्या तिथे माझ्यात आणि परवान्यात निवड करावी लागली असती, आणि ती वेळ मला तुझ्यावर आणायची नव्हती.

पोस्टमनकाकांना काही बोलू नकोस. त्यांनी माझी सही झाल्याबरोबर वही मिटली. ते मला फार बरं वाटलं. परतताना स्टेशनाच्या बाकावर दोन उकडलेली अंडी खाल्ली आणि तिथे थोडी रडले, हेही लिहून टाकते, म्हणजे लपवायला काही उरत नाही.

आता ते अर्ध्या वजनाचं. हे बघ, माझं वजन माझं आहे, त्यात वाटेकरी होऊ नकोस. मला जेवायला आवडतं, आणि बांधा आईचा आहे. तुझ्या ताटातला घास मी काही औषधासारखा गिळत नव्हते. आई गेल्यावर मलाही एकटीला जेवण जात नव्हतं रे. तू समोर होतास म्हणून मी जेवले.

माझ्यासाठी कायदा मोडू नकोस. अकरा घरं आहेत. पण मला पुन्हा मागच्या जिन्याने बोलावू नकोस. त्यापेक्षा तूच इकडे ये, मी इथे ताट वाढीन.

आणि एक बातमी. ह्या कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला १८ जुलैला नगरभवनात सुनावणी आहे. ग्रंथपालबाईंनी माझं नाव परस्पर देऊन टाकलंय. मी दोन पानं लिहून काढलीत. तू यायला पाहिजेस असं काही नाही.

आता मनात काही ठेवू नकोस, मीही ठेवलेलं नाही.

तुझी
ताई

*

२० जुलै

सौ. वहिनीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझा नवरा एव्हाना घरी पोचला असेल, पण तो तुला नीट सांगणार नाही म्हणून मी लिहिते.

नगरभवनातल्या सगळ्या खुर्च्या हातांच्या. ज्यांच्याविषयी सुनावणी त्यांच्यापैकी एकालाही त्यांत बसता येईना. आम्ही दहाबारा जण भिंतीला टेकून उभे राहिलो. मी लाजेने अर्धी झाले, मग शेजारचे पिळदार मिशीवाले गृहस्थ म्हणाले की निदान आपण शेवटपर्यंत जागे तरी राहू. अर्ध्या तासाने एका कारकुनाने कुठून तरी दोन लांब बाकं ओढत आणली. त्याचा आवाज भर सभेत झाला, आणि समितीच्या अध्यक्षबाई बोलायच्या थांबल्या. मला वाटतं, आमचं अर्धं म्हणणं त्या बाकांनीच मांडलं.

माझी पाळी आली तेव्हा चष्मा सापडेना, मग दोन पानं बाजूला ठेवून तशीच बोलले. म्हणाले की मला माझं वजन माहीत आहे, ते दारात कुणी सांगायची गरज नाही. डॉक्टर मला सांगतात, मी ऐकते, कधी ऐकत नाही, ते त्यांच्यामाझ्यातलं. पण हॉटेलात माणूस नुसतं पोट भरायला जात नाही. पोट घरीही भरतं. कुणीतरी आपल्याला या, बसा म्हणावं म्हणून जातो. एवढं बोलून खाली बसले.

मग मागून एकाने हात वर केला. तो आपला बारक्या होता. मी त्याला बोलावलं नव्हतं, आलेला पाहिलाही नव्हता. काखेत ती नोंदवही. भाषण असं त्याने केलंच नाही. म्हणाला की साडेतीन महिन्यांत माझ्या दारातून एकशे बासष्ट माणसं परत गेली, आणि मी त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं, मी आत लपून होतो. मग एक पान उघडलं आणि म्हणाला की ही माझी बहीण, हिने मला वाढवलं. अध्यक्षबाईंनी विचारलं की तुमची मागणी काय आहे. तो म्हणाला की मागणी नाही, मी उद्या सकाळी तो काटा काढणार आहे, तेवढं सांगायला आलो. परवाना जाईल हे माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला आणि वही मिटून पुन्हा काखेत धरली. ग्रंथपालबाईंनी नाक शिंकरलं ते पार रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

वहिनी, तो परवाना तुझ्याही संसाराचा आहे. त्याने हे तुला विचारून केलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं नसेल तर त्याच्या वतीने मी तुझी माफी मागते. चिडली असशील तर ते माझ्यावर काढ, त्याच्यावर नको.

मन मोठं आहे तुझं, त्यात आम्हा दोघांनाही जागा असू दे.

तुझी
ताई

*

१७ सप्टेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लावले, कारण हाती काहीतरी पक्कं आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी माफीचं. तुमच्या भावाने मला विचारलं नव्हतं, पण मीही त्यांना विचारलं नाही. ते सकाळी काढतो म्हणाले, तो काटा मी, मामांनी आणि पोस्टमनकाकांनी आदल्या संध्याकाळीच उचलून आत नेऊन ठेवला. ते सुनावणीहून परत आले तेव्हा दार मोकळं होतं. मला नीट सांगता येईना म्हणून मी म्हटलं की झाडायला अडचण होत होती.

चौथ्या दिवशी नोटीस आली. आठ आठवडे बसून जेवायला बंदी, फक्त बांधून द्यायचं. आम्ही खिडकीतून डबे दिले. कामावरचं कुणी सोडून गेलं नाही. दुपारच्या वेळेला मामा रिकाम्या टेबलांवरून रोज फडकं फिरवायचे. चष्मेवाला दिवसाला दोन डबे न्यायचा. तो काही एवढं खाणारा नाही, मला कळत होतं.

काल आदेश आला. वीस टेबलांच्या आतल्या सगळ्या ठिकाणांहून काटे आणि नोंदवह्या काढायच्या. मोठ्या हॉटेलांचा निर्णय वर्षअखेरीस होईल म्हणे. सगळा कायदा गेला नाही, ताई, पण आमच्या दारातून गेला. आणि तुमच्या शनिवारच्या जागेवरूनही गेला असणार.

परवा सोमवारी टेबलं पुन्हा मांडतोय. तुमचे भाऊ तुम्हाला लिहायला कचरतात. म्हणतात, ताईला कुठल्या तोंडाने बोलावू. म्हणून मी बोलावते. समोरूनच या.

तुमची माया आहे तोवर मला माहेरं दोन आहेत.

तुमची
वहिनी

*

६ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

काल रात्री सुखरूप पोचले. वहिनीने दिलेला डबा गाडीत उघडायचा नाही असं ठरवलं होतं, ते दुसऱ्या स्टेशनापर्यंत टिकलं.

तुझ्याशी तिथे नीट बोलणं झालंच नाही, म्हणून लगेच लिहिते. दारातून आत आले तेव्हा मामा पुढे आले, खुर्ची ओढली आणि काय घेणार विचारलं. मला काही सुचेना. सहा महिने मनात जेवण रचत होते आणि ऐनवेळी म्हणाले की काय आहे? मामांनी सगळं पाठ म्हटलं, मी ऐकलं, आणि पुन्हा म्हणायला लावलं. खरं तर मला ते नुसतं ऐकायचंच होतं. पोस्टमनकाका लांबून नमस्कार करून संकोचून उभे होते. त्यांना मी टेबलाशी बोलावलं आणि त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं. बिचाऱ्याचे डोळे भरून आले.

तू एप्रन बांधून येऊन समोर बसलास आणि भर गर्दीत माझ्याबरोबर जेवलास. वीस वर्षांत तुला तुझ्याच हॉटेलात खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मीठ बरोबर होतं. बटाटे थोडे जास्त भाजले होते, पण ते मी तेव्हा बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

आणि एक गोष्ट. तू आत गेल्यावर मी कॉफी घेत बसले होते. बाहेर एक मुलगी आली, पंचविशीची, माझ्याच बांध्याची. पदार्थांच्या पाटीसमोर उभी राहिली. पाटीवर दहा ओळी, पण ती पाच मिनिटं वाचत होती. दाराकडे बघायची आणि पुन्हा पाटीकडे. मी उठणार तेवढ्यात तू भटारखान्यातून हात पुसत बाहेर आलास, टेबलांमधून वाट काढत थेट रस्त्यावर गेलास आणि तिच्याशी बोललास. मी बघतेय हे तुला माहीत नव्हतं. काचेमुळे मला काही ऐकू आलं नाही. काय म्हणालास ते लिहूही नकोस. ती आधी मान हलवून नको म्हणाली, मग हसली, आणि तुझ्यामागून आत आली. तू तिला खुर्ची दिलीस आणि पुन्हा कामाला गेलास.

मी कॉफी संपवून उठले तेव्हा ती सूप पीत होती.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी ग्रंथपालबाईंना घेऊन येते. आमच्यासाठी टेबल राखून ठेवू नकोस. जागा असेल तिथे बसू.

तुझी
ताई